एका काडीवर दोन बिड्या

आमच्या वऱ्हाडात त्या काळी बिडीला कोणी व्यसन म्हणत नसे. व्यसन म्हणजे दारू. दारूसाठी सरकारचं खातं होतं, पोलीस होते, गावोगाव भाषणं होती आणि दारू सोडलेल्या माणसाला सभेत हार घालत. बिडी सोडलेल्या माणसाला लोक विचारत, "काहून गा, तब्येत बरी नाही का?" बिडी हा पाहुणचार होता. आणि आमच्या धंद्यात तर ती सही होती.

माझा धंदा संत्र्यांचा. झाडावरचा बहार विकत घ्यायचा, तोडून अमरावतीला आणायचा आणि तिथून पुढे पाठवायचा. मोर्शी, शेंदूरजनाघाट, चांदूर बाजार या पट्ट्यात बागवाल्याशी सौदा व्हायचा तो दुपट्ट्याखाली. दोघांचे हात दुपट्ट्याने झाकायचे, आत बोटं दाबून भाव सांगायचा आणि तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला आकडा कळू नये. भाव पटला की हात बाहेर यायचे आणि बागवाला दोन बिड्या काढायचा. एकाच काडीवर दोन्ही पेटल्या की सौदा पक्का. कागद नाही, अंगठा नाही. मग बाजार चढो की पडो, कोणी फिरत नसे. पुढे केलेली बिडी घेतली नाही तर मात्र सौदा मोडला. त्यावर बोलायचीही गरज नसे. बागवाला उठून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे वळायचा.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं.

माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणत असे, अमरावती आणि अकोला यांच्या मधल्या एका कापसाच्या गावात जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या नगरपालिकेत तेव्हा बसणाऱ्या लोकांची नातवंडं आज मला रामराम करतात, आणि त्यांचा काही दोष नाही. वडील गेले तेव्हा मी फार लहान होतो. मला चार वर्ग शिकता यावे म्हणून दादाने शाळा सोडली आणि जिनात लागला. पुढे मी अमरावतीच्या बाजारात टोपल्या वाहिल्या, मग एका दलालाकडे राहिलो, मग त्या दलालाशी भांडलो आणि स्वतःचा धंदा काढला. लोक म्हणतात, हा स्वतःच्या हिमतीवर वर आला. खरं आहे. पण त्या हिमतीला दोन वेळा जेवू घालणारा माणूस रेच्यासमोर उभा होता.

रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. त्याच्यासमोर दिवसभर हवेत कापसाची बारीक फुसं उडत असतात. जिनात काडेपेटी नेली तर नोकरी गेलीच, कारण एक ठिणगी पडली तर सगळं जिन पेटेल. म्हणून मधल्या सुट्टीत सगळे गडी फाटकाबाहेर येऊन कडुलिंबाखाली बसत आणि भोंगा होईपर्यंत एकामागून एक बिडी ओढून घेत. आत फुसं, बाहेर धूर. छातीला सुट्टीच नव्हती.

साठ सालानंतरचा एक हिवाळा होता. दादाचा खोकला असा वाढला की त्याला बसून झोपावं लागे. मी त्याला अकोल्याला एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं, वहिनीही सोबत होती. छातीचा फोटो काढला. क्षय नव्हता. डॉक्टर म्हणाले, "कारखाना सोडता येत नसेल तर बिडी तरी सोडा. दोन्ही राहिलं तर माणूस राहायचा नाही."

मी म्हटलं, दादा, जिन सोड आणि माझ्याकडे अमरावतीला ये. तो म्हणाला, "तुह्या गादीवर बसून मी काय करू? संत्रे पुसू?" जिन त्याने सोडलं नाही. बिडीचं बंडल मात्र परतीच्या गाडीतच वहिनीच्या हवाली केलं. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा फाटकाबाहेर लिंबाखाली बसून तो ओढत होता. वहिनी म्हणाली, "बंडल लपवलं तर हुडकून काढतात. नाही लपवलं तर माह्याकडे पाहतच नाहीत."

तेवढ्यात ऐकलं की त्याच गावात नगरपालिकेच्या दवाखान्यात बिडी सोडवायची बैठक सुरू झाली आहे. पुण्याकडचा एक नवा डॉक्टर आला होता, त्याने नगरपालिकेच्या मागे लागून थोडी रक्कम मंजूर करून घेतली होती. गुळण्यांसाठी औषधाचं पाणी, चघळायला गोळ्या आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसून बोलणं. मी दादाला म्हटलं, आपलं काम झालं.

दादाने अर्धी पाळी बुडवली आणि गेला. बैठक मंगळवारी सकाळी दहाला, ऐन जिन चालू असताना. दारात शिपाई. त्याने विचारलं, "घरपट्टीची पावती आहे का?" नगरपालिकेचा पैसा, म्हणून आधी कर भरणाऱ्यांना, असा नियम केला होता. दादा जिनाच्या चाळीत राहायचा. घर कारखान्याचं, पट्टी कारखान्याच्या नावावर. वीस-एक वर्षं त्या गावात राहून त्याच्या नावाची पावती नव्हती. शिपाई म्हणाला, "मंग बाहेर व्हा, गर्दी करू नका." बाहेर येऊन दादाने काय केलं असेल? बिडी पेटवली.

हे मला त्याने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. माझा स्वभाव तापट आहे, तेव्हा तर जास्तच होता. पुढच्या मंगळवारी कोट घातला, काळी टोपी घातली आणि भांडायला गेलो. मी पायरीवर पाय ठेवला तसा तोच शिपाई स्टुलावरून उठून उभा राहिला. "या शेटजी, आत बसा." मी अमरावतीचा माणूस. त्या गावात माझं घर नाही, दार नाही, एक पै कर मी तिथं भरलेला नाही. पावती कोणी विचारली नाही. आत एक मास्तर, कचेरीतले कारकून आणि एक पेन्शनर बसले होते. मला चहा आला.

मी तिथंच डॉक्टरवर तुटून पडलो. "डॉक्टर, मी परक्या गावचा. मले चहा पाजता अन् माह्या भावाले दारातून हाकलता?"

डॉक्टर शांत माणूस होता. म्हणाला, "अहो, बसा तरी आधी. रक्कम लहान आहे. सगळ्यांना पुरणार नाही. समितीचं म्हणणं पडलं, जे कर देतात त्यांचा हक्क पहिला."

"कर कोन देते? गावात येनाऱ्या तंबाखूवर नाक्यावर जकात घेता का नाही? बिडीच्या पानावर घेता का नाही? ते कोनाच्या खिशातून जाते? हे मास्तर दिवसाला किती ओढतात अन् माहा भाऊ किती ओढते, ते इचारा. बिडी ओढनाऱ्याच्या जकातीवर तुमचा दवाखाना चालते, अन् बिडी ओढनारा पायरीवर उभा!"

पेन्शनर म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे यांचा." डॉक्टर म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे, पण माझ्या हातात नाही. संध्याकाळी जिनाच्या फाटकावर यायला मी तयार आहे. नगरपालिकेनं सांगायला हवं. आणि तुम्ही आलाच आहात, तर एक विचारतो. तुम्ही ओढता का?"

मी ओढत होतो. धंद्यातला प्रत्येक माणूस ओढायचा. मी बसलो. चांगुलपणाने बसलो नाही. माल हातात घेऊन पाहिल्याशिवाय भाव करायचा नाही, हा माझा नियम. माझ्या भावाला जे नाकारलं ते काय चीज आहे, ते मला पाहायचं होतं.

चीज खरी होती. त्या पाण्याने गुळण्या केल्यावर बिडी ओढली की तोंडात कळकलेल्या भांड्यासारखी चव यायची. पण खरी करामत बोलण्याची होती. प्रत्येकाने आठवड्यात कुठे पाय घसरला ते सांगायचं. मास्तर म्हणाले, वह्या तपासताना हात आपोआप खिशात जातो. कारकून म्हणाला, साहेबाने झापलं की बाहेर येऊन ओढतो. डॉक्टर कोणाला रागावत नसे. म्हणायचा, "बरं, मग पुढच्या वेळी साहेबांनी झापलं की काय करायचं ते ठरवू." एकट्याने जे ओझं वाटतं ते दहाजणांत अर्धं होतं, हे मला तिथं कळलं. मी अमरावतीहून मंगळवारी मंगळवारी जात राहिलो आणि माझी बिडी सुटली. माझा वेळ माझ्या हातात होता म्हणून सुटली. दादा तिकडे रेच्यासमोर उभा होता आणि संध्याकाळी मी त्याला बैठकीतलं सांगायला बसलो की म्हणायचा, "लहान्या, तू जेवून आला अन् मले जेवन कसं होतं ते सांगून राहिला."

ते वाक्य मला लागलं. अजून लागतं.

आता नगरपालिकेच्या अध्यक्षांची गोष्ट. त्यांची मोर्शीकडे संत्र्याची मोठी बाग होती आणि तिचा मृगाचा बहार, मृगात फुलून संक्रांतीनंतर उतरणारा, दरवर्षी मीच घेत असे. माणूस वाईट नव्हता. चिवट होता, माझ्यासारखाच. आधी मी सरळ रस्त्याने गेलो. कचेरीत जाऊन म्हटलं, बैठक संध्याकाळी जिनाच्या फाटकावर घ्या, पावतीचा नियम काढा. ते म्हणाले, "पाहू, समितीपुढे ठेवू." 'पाहू' म्हणजे काय ते बाजारात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

संक्रांतीच्या सुमारास बागेच्या सौद्याचा दिवस आला. रविवार होता, जिन बंद होतं, म्हणून दादाला सोबत घेतलं. झाडावरच्या फळाचा अंदाज नजरेने बांधण्यात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. बागेतून फिरून आल्यावर तो खोकत बाजूला बसला. अध्यक्ष बाजेवर, मी त्यांच्यासमोर, मध्ये दुपट्टा. आणखी एक व्यापारी विहिरीजवळ वाट पाहत उभा होता.

अध्यक्षांनी बोटं दाबून आपला भाव सांगितला. चढा होता. दरवर्षी मी लगेच उलटा दाब देत असे. त्या दिवशी मी हात तसाच ठेवला.

"काहून, बोटं झोपली का तुही?" ते म्हणाले.

"भाव कबूल."

त्यांनी दुपट्टा उचलून माझा हात पाहिला, तो माझाच आहे ना म्हणून. "तू? मी सांगितलेल्या भावाले हो म्हनतं? तब्येत बरी हाये ना? का बाजारात मले न कळलेलं काही हाये?"

मी म्हटलं, भाव तुमचा, एक अट माझी. आणि अट सांगितली: बैठक संध्याकाळी जिनांच्या फाटकांवर, पावतीशिवाय.

त्यांनी घासाघीस सुरू केली, आणि ती तोंडाने, कारण बिडीच्या बैठकीसाठी बोटांची भाषा कुठे होती? "सगळ्या जिनांवर जमनार नाही. गोळ्यांना पैसा लागते."

"मंग किती जिनांवर?"

"एका. तू सांगशील त्या."

"पावती?"

"नाही मागत. पन पाडव्यापर्यंतच. पुढं नवं साल, नवा हिशोब."

मी दादाच्या जिनाचं नाव घेतलं. हात बाहेर आले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात महागडा सौदा मी पटवला होता आणि मला आनंद झाला होता.

आणि अध्यक्षांनी खिशातून दोन बिड्या काढल्या.

मी या क्षणाचा विचारच केला नव्हता. बिडी सोडवायच्या बैठकीचा सौदा बिडीवर पक्का होणार, हे माझ्यासारख्या हिशोबी माणसाच्या ध्यानात आलं नाही, इतकी ती चाल अंगात मुरलेली होती. ती बिडी ओढली तर महिन्याभराची मेहनत पाण्यात. डॉक्टरने बजावलं होतं की सोडल्यावर ओढलेली पहिली बिडी कधीच शेवटची नसते. नाही ओढली तर सौदा मोडला, आणि दादा रेचा ते लिंब, लिंब ते रेचा करत संपून जाणार. मी शेजारच्या टोपलीतलं एक संत्रं उचललं, सोललं, अर्धं त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "आज याच्यावर पक्कं करू."

ते हसले. "माह्याच झाडाचं संत्रं मलेच चारतं का बे? हे काय पक्कं करनं झालं? बिडी घे."

"मी सोडली."

त्यांचं हसू थांबलं. विहिरीजवळचा व्यापारी एक पाऊल पुढे आला. अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले, "हे पाय, भाव चढा वाटत असन तर सरळ सांग. बिडी नाकारून कशाले बोलतं?" त्यांना खरंच तसं वाटलं होतं. बिडी नाकारण्याचा दुसरा अर्थ आमच्या मुलखात नव्हताच.

माझं डोकं तापलं. मी काहीतरी बोललोच असतो आणि सगळं धुळीला मिळवलं असतं. तेवढ्यात दादा उठून आला. म्हणाला, "अध्यक्षसाहेब, घरात मोठा मी हाये. याच्या नावाची बिडी मी ओढतो. चालते का?"

मोठ्या भावाने पक्कं केलेलं चालत होतं. अध्यक्ष म्हणाले, "चालते ना. काहून नाही चालत?" एका काडीवर दोन बिड्या पेटल्या. दादाने एक झुरका घेतला, सौद्याला लागतो तसा, पुरा. आणि त्याला उबळ आली. ती थांबेना. तो गुडघ्यावर हात टेकून वाकला, चेहरा काळानिळा झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण बोटांतली बिडी त्याने खाली पडू दिली नाही, कारण ती पडली असती तर अपशकुन. अध्यक्षांच्या हातातली बिडी तशीच जळत राहिली. त्यांनी बागेतल्या गड्याला ओरडून पाणी मागवलं. दादा शांत झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "हाच का तो भाऊ?"

"हाच."

परतीच्या मोटारीत मी दादावर ओरडलो. बाकीची माणसं वळून पाहू लागली. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले, विसरलास का? तो म्हणाला, "वरडू नको. इतके वर्षं फुकट ओढल्या, एक कामाची ओढली."

बैठक फाटकावर आली. अध्यक्ष शब्दाला जागले, हे मला कबूल केलंच पाहिजे. डॉक्टर दिवस मावळताना सायकलवर येई. त्याच लिंबाखाली सगळे बसत. इथली बैठक दवाखान्यातल्या बैठकीहून वेगळी होती. एकजण म्हणाला, "डॉक्टर, ह्या पान्यानं बिडी कडू लागते, तसं बायकोचं बोलनं गोड लागन असं काही द्या ना." डॉक्टरला वऱ्हाडी नीट कळत नसे, पण हसायचा सगळ्यांत मोठ्याने. दादाचा पाय दोनदा-तीनदा घसरला. दर वेळी त्याने तो सगळ्यांपुढे सांगितला. होळीच्या आसपास वहिनी मला म्हणाली, "आता हुडकायले घरात काही लपवलेलंच नाही." खोकला गेला नाही, फुसं होतीच, पण दादा आडवा होऊन झोपू लागला.

गोष्ट इथं संपवली तर माझा मान राहील. पण रस्त्याच्या पलीकडे दुसरं जिन होतं. तिथला एक गडी दादाचा जुना स्नेही. छप्पन साली नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली आणि दारू त्या दिवसापासून सोडली ती कायमची. "दारू एका दिवसात सुटली, बिडी काही सुटत नाही," असं तो स्वतःच म्हणायचा. छातीचं दुखणं त्याचंही दादासारखंच. एका संध्याकाळी तो रस्ता ओलांडून लिंबाखाली येऊन बसला. गोळ्या वाटणारा शिपाई म्हणाला, "तुमचं जिन यादीत नाही." डॉक्टरने त्याला बसू दिलं, बोलू दिलं, पण औषध मोजून आलेलं होतं. तो उठला. मी तिथंच होतो. माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, "शेटजी, तुमच्या भावाचं झालं, बरं झालं. मले मनापासून बरं वाटलं. पन माह्या घरात संत्र्याचा व्यापारी नाही. मी कोनाले धाडू?"

मी तापून म्हणालो, "मले काय विचारतं? नगरपालिकेले विचार."

"तेबी विचारीन," तो म्हणाला. "जकात मीबी देतो."

पाडवा झाला आणि बैठक बंद पडली. मी अध्यक्षांकडे गेलो, म्हटलं, चालू ठेवा, सगळ्या जिनांवर न्या. ते म्हणाले, "पाडव्यापर्यंत म्हनलं होतं का नाही? तूच पटवलं. आता फिरतं का?" बाजाराच्या कायद्याने ते बरोबर होते. ते म्हणजे नगरपालिका होते, तरी बोलत होते बागवाल्यासारखे. आणि तो सौदा बागेत मीच नेला होता. डॉक्टरची पुढे बदली झाली. दादाचा तो स्नेही अर्ज घेऊन कचेरीत जात राहिला. त्याला उत्तर मिळायचं, 'पाहू.'

दादा त्यानंतर बरीच वर्षं जगला. तो स्नेही त्याच्या आधी गेला, खोकून खोकून.

मी आयुष्यभर भाव पाडले, पण जे फुकट आणि हक्काचं होतं, ज्याचे पैसे बिडीमागे आधीच कापून घेतले होते, ते मला चढ्या भावाने विकत घ्यावं लागलं, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आणि ज्याच्याजवळ विकत घ्यायला काही नव्हतं त्याने काय करायचं होतं, हे नगरपालिकेने सांगायला हवं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मी देणं लागत नाही, असं मी अजून म्हणतो. पण लिंबाखाली त्या संध्याकाळी दादाच्या स्नेह्याने तो प्रश्न विचारला होता तो मला.